शेकानंतरची जळजळ आणि केळीच्या खांबाचं पाणी

पत्र असं आहे:

"वैद्यताई, नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. सासूबाईंना (वय ५८) गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बाहेरून रेडिएशनचे २५ शेक, मग आतून तीन आणि दर आठवड्याला केमोचं सलाईन, असं सगळं होऊन आता पाच आठवडे झाले. गाठ गेली असं डॉक्टर म्हणतात. पण लघवीला भयंकर आग होते. दिवसा अर्ध्या-पाऊण तासाला जावं लागतं, रात्री सात-आठ वेळा. कधी पोचेपर्यंत थेंब गळतात. म्हणून त्यांनी पाणीच कमी केलंय. (एकदा लघवी गुलाबी दिसली, पण आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं.) शेजारचे आप्पा रोज सकाळी केळीच्या खांबाचं पाणी आणून देतात, एक ग्लास. मी सराट्याचा काढा करते. दीरांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारातून एका वैदूकडची पुडी आणलीय, दोन वेळा मधातून. यातलं काय चालू ठेवू, काय बंद करू? पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. डॉक्टरांना विचारलं तर रागावतील, म्हणून तुम्हाला लिहितेय."

ताई, पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. गुलाबी लघवीचं.

बिटाने काहींची लघवी गुलाबी होते, हे खरं. पण ज्या बाईच्या ओटीपोटावर नुकतेच शेक झालेत, तिच्या बाबतीत बिटाला जबाबदार धरायचं ते तपासणी झाल्यावर, आधी नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. लघवी लालसर, दुखणं काही नाही. मी उष्णतेचं निदान केलं आणि दोन महिने चंद्रप्रभा आणि उशीरासव दिलं. लाली कमी-जास्त होत राहिली, मी डोस कमी-जास्त करत राहिले. शेवटी त्यांच्या मुलाने सोनोग्राफी करून आणली, तर लघवीच्या पिशवीत गाठ. ते दोन महिने माझ्या नावावर आहेत. तेव्हापासून लाल लघवीवर मी रिपोर्ट बघितल्याशिवाय धन्याचं पाणीसुद्धा सांगत नाही.

तेव्हा आधी हे करा. उद्या सकाळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या लॅबमध्ये लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, द्या. लघवी मधल्या धारेची घ्या, स्वच्छ डबीत. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन करा, किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळतं. आणि हॉस्पिटलच्या फाइलवर जो फोन नंबर आहे त्यावर फोन करून सांगा, "लघवी एकदा गुलाबी झाली, आग आहे, वारंवार होते." दोन महिने थांबायचं नाही.

आता हे का होतंय ते सांगते, कारण ते कळलं की काढ्यांचा निकाल तुम्ही स्वतःच लावाल.

लघवीची पिशवी गर्भाशयाच्या अगदी पुढे, खेटून असते. गर्भाशयाच्या तोंडावर शेक द्यायचा तर पिशवीला कितीही वाचवलं तरी थोडी झळ लागतेच. तिच्या आतलं अस्तर सुजतं, सोलवटतं. तिथे लघवी साठायला लागली की अस्तर टोचतं आणि पिशवी "चल, चल" म्हणते. म्हणजे पिशवी भरलेली नसतानाही घाई होते. हा त्रास बहुधा शेक चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, आपसूक उतरतो. अस्तर नव्याने भरून येतं. तुमच्या पाच आठवड्यांत तो अजून असणं यात विपरीत काही नाही.

पण नेमकी अशीच आग लघवीच्या इन्फेक्शनचीही असते. बाईला दोन्हींतला फरक सांगता येत नाही, वैद्यालाही नाडी बघून सांगता येत नाही, लॅबला येतो. इन्फेक्शन असेल तर त्याला अँटिबायोटिकच लागतं. काढ्याने चार दिवस जरा थंड वाटेल आणि तेवढ्यात ते किडनीपर्यंत चढेल.

किडनीची काळजी आणखी एका कारणाने. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला शेकासोबत आठवड्याला जे केमो देतात ते बहुतेक सिस्प्लॅटिन असतं. फाइलमध्ये नाव बघा. हे औषध किडनीवर ताण टाकतं, म्हणून तर ते देताना बाटल्याच्या बाटल्या सलाईन चढवतात. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या किडन्या आत्ताच एका मोठ्या कामातून बाहेर आल्यात. त्यांना पुन्हा काय घालायचं, हे क्रिएटिनिनचा आकडा बघून ठरवायचं. याच कारणाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने नकोत.

आता आप्पांचं केळीच्या खांबाचं पाणी.

रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला या पाण्याची महती सांगायला नको. माझे वडील मूतखड्याला तेच द्यायचे. संध्याकाळी उभ्या खांबाला खाच पाडायची, खाली भांडं बांधायचं, सकाळी जे झिरपलेलं मिळेल ते गाळून प्यायचं. त्याची तुरट-मचूळ चव मला अजून आठवते. आप्पा प्रेमाने आणतात, त्यांना दुखवू नका. पण आत्ता ते बंद करा. केळीच्या खांबात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी चांगली असली तर ते लघवीवाटे निघून जातं, किडनी थकलेली असली तर रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. दुसरं म्हणजे हे पाणी कच्चं असतं, रात्रभर बागेत उघड्यावर जमा होतं. आणि हल्लीच्या बागेत ठिबकमधून काय काय सोडलं जातं ते आप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वडिलांच्या काळची केळ ती नव्हे. शहाळ्याच्या पाण्यालाही पोटॅशियमची गोष्ट लागू आहे, तेही क्रिएटिनिन येईपर्यंत थांबवा.

तुमचा सराट्याचा काढा. सराटा म्हणजे आमचं गोखरू. पायात रुततं ते काटेरी फळ. चरकाने त्याला श्वदंष्ट्रा म्हटलंय, कुत्र्याचा दात, आणि मूत्रविरेचनीय गणात घातलंय. दर्भ, कुश, काश, पाषाणभेद हे त्याचे सोबती. मूत्रविरेचनीय या शब्दाकडे नीट बघा. लघवी मोकळी करणारं, वाढवणारं. लघवी अडलीय, थेंबथेंब होतेय, खडा आहे, तिथे या गणाचं काम. तुमच्या सासूबाईंची लघवी अडलेली नाही, त्यांना ती धरवत नाही. सोलवटलेल्या पिशवीला आणखी लघवी करायला लावणं म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणं. पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, आणि मक्याच्या कणसाचे केस, यांचंही तेच. औषध वाईट नाही, त्याची जागा चुकलीय. चरकासमोर जे मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवीला त्रास होण्याचा आजार, होतं त्यात रेडिएशनने भाजलेली पिशवी नव्हती, आणि ती असल्यासारखं आपण ग्रंथ वाचायचे हा ग्रंथावर अन्याय आहे. आयुर्वेदवाले रागावले तर मला रागावू द्या, मीही त्यांच्यातलीच.

सर्वांत जास्त भीती मला त्या पुडीची वाटते.

वैदू लबाडच असतो असं मी म्हणत नाही. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल जाणत्यांकडून मी स्वतः झाडं ओळखायला शिकले. पण बाजारात बसलेल्या माणसाच्या पुडीत किती मुळ्या, कोणत्या, त्यात भस्म आहे की नाही, कुणी स्टेरॉइड कुटून घातलंय की नाही, हे तुम्हाला माहीत नाही, दिरांना नाही, मला नाही. एक उदाहरण देते. सापसंद, ज्याला ईश्वरी म्हणतात, त्याच्या जातीच्या वेलींमध्ये एक आम्ल असतं, अरिस्टोलोकिक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या पुड्यांत चुकून या जातीची चिनी वनस्पती गेली. बायकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पुढे त्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. जंगलातली मुळी, पूर्ण नैसर्गिक. तुमच्या पुडीत ती आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणू शकत नाही, आणि पुडी बंद करायला मला एवढं पुरेसं आहे. फेकू मात्र नका. पिशवीत घालून वर तारीख लिहा, किती दिवस घेतली ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. काही बिघडलेलं निघालं तर त्यांना कारण शोधायला ती लागेल.

मग चालेल काय? इथे मला जरा मोकळं बोलता येतं, कारण उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे.

पहिलं पाणी. सासूबाईंनी ते कमी केलंय आणि सगळ्या पत्रात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचली. आग होते म्हणून पाणी कमी, पाणी कमी म्हणून लघवी घट्ट आणि पिवळी, ती जास्त टोचते, म्हणून पाणी आणखी कमी. त्यात आपला चैत्र-वैशाख, भुसावळ-जळगावकडे पारा चव्वेचाळीसच्या वर. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पोटात गेलं पाहिजे. त्यांच्या उशाशी एक लिटरची बाटली ठेवा. एक दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, दुसरी दिवे लागायच्या आत. घोटघोट, एकदम तांब्या तोंडाला लावून नाही. संध्याकाळी सातनंतर फक्त घसा ओला करण्यापुरतं, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या कमी होतील. लघवी फिकट, गवताच्या काडीच्या रंगाची दिसली की पाणी पुरेसं आहे.

आणि एक विचारते. संडास कुठे आहे? अंगणाच्या त्या टोकाला, ओट्यावर मुलगा आणि दीर झोपलेत, त्यांच्यासमोरून रात्री सात वेळा जायचं? पाणी कमी करण्यामागे आगीइतकीच लाजही असते. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर लघवी धरतात. शेतात धरतात, एसटीत धरतात, लग्नात धरतात. त्यांच्या खोलीत पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवा, नाहीतर झाकणाचं प्लास्टिकचं भांडं. सकाळी रिकामं तुम्ही करणार हे त्यांना पहिल्या दिवशी आवडणार नाही. चौथ्या दिवशी त्या झोपलेल्या असतील.

धन्याचं पाणी चालेल, रिपोर्टमध्ये रक्त नाही हे कळल्यावर. चमचाभर धने ठेचून पेलाभर उकळलेल्या गार पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी गाळून द्या. जवाचं पातळ पाणी चालेल. मुगाचं कढण, ज्वारीची पेज, त्याच दिवशी घुसळलेलं पातळ ताक, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून. हे काही पिशवीवरचे उपचार नाहीत. यांनी अस्तर लवकर भरतं असं मी सांगणार नाही, तसा पुरावा नाही. पण पोटात पाणी जातं, तोंडाला चव राहते आणि कुणाचं नुकसान होत नाही. साखरेचा आजार असेल तर गुलकंद आणि सरबतं सोडा. रस्त्यावरचा उसाचा रस कुणालाच नको, त्यातल्या बर्फामुळे.

आणि आता खानदेशी माणसाला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट. शेवभाजी बंद. ठेचा बंद. काळ्या मसाल्याची आमटी, मिरच्या घातलेलं भरीत, सगळं दोन महिने बंद. चहा दिवसाला एक, तोही सकाळी. तिखट, चहा, कॉफी, तंबाखूची मिश्री हे सगळं सुजलेल्या पिशवीला चिडवतं. घरात रोज सराटा उकळतोय आणि जेवायला तिखटजाळ रस्सा, असं मी किती घरांत पाहिलंय ते सांगत बसत नाही. बिनमिरचीचं भरीत करून बघा. मला आवडत नाही, पण खाता येतं.

गरम शेकाचं कुणी सांगेल. होळीच्या सुमारास आपल्याकडे पळस फुलतो आणि त्याची फुलं उकडून ओटीपोटावर बांधायची जुनी रीत आहे, लघवी तुंबल्यावर. उपाय सुंदर आहे, मी स्वतः वापरलाय. पण ज्या कातडीने आधीच २५ शेक घेतलेत तिच्यावर आणखी शेक नको. ती कातडी बरेच महिने नाजूक असते, पटकन भाजते. गरम पाण्याची पिशवीही नको.

लघवी बाहेरच्या कोरड्या, हुळहुळ्या जागेला लागूनही आग होते. कधी सगळा त्रास तेवढाच असतो. प्रत्येक वेळी साध्या कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपायचं. साबण, डेटॉल, तुरटी, काही नको. शेकानंतर आतला मार्ग कोरडा पडतो, आकसतो. त्यासाठीही औषधं आणि उपाय असतात, पण हे बाईने विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नर्सबाईंना एकटीत विचारा.

तुम्ही म्हणता डॉक्टर रागावतील. रागावतील, कदाचित दोन मिनिटं. पण त्यांच्याकडे अशी औषधं आहेत जी माझ्याकडे नाहीत. पिशवीची घाई शांत करणारी गोळी असते. आग कमी करणारी एक असते, तिने लघवी केशरी होते, तेव्हा पुन्हा घाबरू नका. लघवीची आम्लता कमी करणारी पातळ औषधं दुकानात सहज मिळतात, पण त्यात बऱ्याचदा सोडियम असतं. बीपी असेल तर विचारूनच घ्या, आणि त्याच कारणाने घरचा खाण्याचा सोडाही ढवळून देऊ नका. कागदावर सगळं लिहून न्या: केळीचं पाणी इतके दिवस, काढा इतके दिवस, पुडी इतके दिवस. "आईंना हे दिलं होतं, आता बंद केलंय, किडनी बघून घ्या" एवढं म्हटलं की बहुतेक डॉक्टरांचा राग उतरतो. न उतरला तरी रिपोर्ट तर लिहून देतीलच.

तपासणीची वाट न पाहता रात्री-अपरात्री निघायचं ते कधी? ताप १००.४च्या वर, थंडी वाजून येणं, लघवीत गाठी किंवा उघड लाल रक्त, लघवीची भावना असून अजिबात न होणं, बरगडीखाली पाठीत सणक. यातलं एकही झालं तरी.

इतर वाचकांनी हे सगळं आपल्याला जसंच्या तसं लावू नये, म्हणून थोडं विषयांतर. केमोची औषधं वेगवेगळी वागतात. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर-केशरी होते, तो औषधाचा रंग असतो. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड यांचा शरीरात एक दाहक अंश तयार होतो, अक्रोलिन, तो पिशवीला आतून जाळतो. म्हणून त्यांच्यासोबत भरपूर पाणी आणि गरजेप्रमाणे मेस्ना नावाचं औषध देतात. तिथे लघवी धरून ठेवणं म्हणजे तो अंश पिशवीत साठवणं. आणि केमो चालू असताना गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, गुग्गुळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. भाजीतली हळद वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा. केमोच्या औषधांचं मोजमाप लिव्हर बिघडलेल्या माणसासाठी वेगळं असतं, आणि गुळवेलीने लिव्हर सुजल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

पुन्हा तुमच्याकडे येते. ही आग ओसरली तरी एक लक्षात असू द्या. शेकाचा परिणाम काही जणींना कित्येक महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही पिशवीवर दिसतो. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि रक्त येतं. तसं झालं तर "कॅन्सर परत आला" म्हणून रडत बसायचं नाही आणि "उष्णता झाली" म्हणून गोखरू उकळायचं नाही. दुर्बिणीने आत बघतात, त्यावर उपचार आहेत.

सासूबाई तुम्हाला विचारल्यावर काय म्हणतात ते पत्रात नाही, पण मी अंदाज करते: "माले काही नही व्हयनं, बरं शे." आपल्याकडच्या बायका ओटीपोट धरून हेच म्हणतात. त्यामुळे किती वेळा लघवीला गेल्या ते त्यांना विचारू नका. खोलीच्या दाराला एक वही टांगा आणि चार दिवस तुम्हीच रेघा मारा, दिवसाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. डॉक्टरांना ती वही दाखवा.

क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळवा. तो चांगला असला तर आप्पांना सांगा, पाणी नको पण खांबाच्या आतला पांढरा गाभा आणा. बारीक चिरून, मुगाची डाळ घालून, बिनतिखटाची भाजी कशी करायची ते पुढच्या पत्रात लिहीन.